ठशाविना माध्यम

अमूर्त मुद्राचित्रणात अलीकडे डांबर, तरट, गंजलेला पत्रा यांची जी लाट आली आहे, तिच्यातील बहुतांश कामांत वस्तू कागदावर चिकटवलेली असते, परंतु तिचा ठसा उमटलेला नसतो; हा भेद विस्मरणात गेल्यामुळेच ‘अपारंपरिक माध्यम’ हे प्रशस्तिपत्र आज कोणालाही मिळते.

स्वतः रेखाटणे, स्वतः कोरणे आणि स्वतः छापणे असा आग्रह धरणाऱ्या जपानी ‘सोसाकु हांगा’ चळवळीतील ओंची कोशिरो (1891–1955) यांनी दोरा, कापड, झाडाचे पान यांना शाई लावून छाप घेतले, तर इवामी रेइका (1927–2020) यांनी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाच्या शिरांनाच रचना मानले. दोघांच्याही कागदावर वस्तू उरत नाही, तिने दिलेला दाब उरतो. आपल्याकडेही ही जाण होती. मुंबईत जन्मलेले कायको मोती आणि आंध्रातील कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसच्या ‘अतेलिए 17’ या मुद्राचित्रण-कार्यशाळेत जवसाच्या तेलाने शाईचा दाटपणा कमी-अधिक करून, पत्र्याच्या निरनिराळ्या खोलीतील रंग एकाच दाबात उतरवण्याच्या पद्धतीला आकार दिला. झरीना हाशमी (1937–2020) यांनी लाकडाचे टाकाऊ तुकडे जुळवून छापले. या सर्वांच्या पुढची मजल सोमनाथ होर यांच्या 1971 पासूनच्या ‘जखमा’ मालिकेची आहे: पृष्ठावर घाव घालून त्याचा सिमेंटचा साचा बनवायचा, त्यात कागदाचा लगदा दाबायचा आणि शाईवाचूनच पांढऱ्यावर पांढरा व्रण उभा करायचा, या क्रियेत कागद चित्राचा आधार न राहता चित्राचे शरीर होतो.

मग दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा आणि जालना–अंबड पट्ट्यातील कापूस एवढ्या निकट असताना मराठी कलाविचाराने लगद्याकडे हस्तकलेचा जिन्नस म्हणूनच का पाहावे? चित्राच्या तुलनेत छापाला दुय्यम लेखण्याची जुनी खोड याच्या मुळाशी आहे. आणि ती झाकण्यासाठी हल्ली ‘मातीशी नाते’ ही सबब पुढे केली जाते, ती तर अधिकच आक्षेपार्ह होय. उदाहरणार्थ, जालन्याच्या रोलिंग मिलमधील भंगार पत्र्यावरचा गंज हे हवापाण्याने केलेले अम्लरेखनच असल्यामुळे, त्याच्या खळग्यांत शाई भरून, ओलसर कागदासह तो दाबयंत्राखालून काढणाऱ्यास धातू किती खोल खाल्ला गेला आहे याची परीक्षा करावीच लागते. तोच पत्रा चौकटीत बसवून त्याखाली मराठवाड्याच्या दुष्काळावर दोन परिच्छेद लिहिणारा मात्र त्या परीक्षेतून सुटतो, आणि त्याचे कौतुक करणारा समीक्षक त्याहून सहज सुटतो.