बाल अत्याचारावरील २००७ चा अहवाल : मुलींच्या संदर्भात एक चिकित्सा

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारासंबंधीचा देशव्यापी अहवाल प्रसिद्ध केला. 'प्रयास' या संस्थेने युनिसेफ व सेव्ह द चिल्ड्रन यांच्या साहाय्याने केलेल्या या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ बालके आणि १८ ते २४ वयोगटातील २,३२४ युवक-युवतींचा समावेश होता. गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व तत्कालीन आंध्र प्रदेश ही राज्ये त्यात होती.

परिसंवादांत या अहवालातील एकच आकडा वारंवार उद्धृत होतो. ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, हा तो आकडा. आकडा खोटा नाही, त्याचा वापर मात्र सैल होतो. नमुना कुटुंबातील, शाळेतील, संस्थांतील, काम करणारी आणि रस्त्यावरची मुले अशा पाच गटांतून घेतलेला होता. रस्त्यावरच्या मुलांचे नमुन्यातील प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यामुळे 'देशातील निम्मी बालके' असे विधान या आधारावर करता येत नाही. संशोधनपद्धती शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीही ते केलेले आढळते!

मुलींच्या दृष्टीने अहवालाचा मोलाचा भाग वेगळाच आहे, आणि तो फारसा वाचला जात नाही. ७०.५७ टक्के मुलींनी घरच्यांकडून या ना त्या प्रकारे दुर्लक्ष झाल्याचे सांगितले. २७.३३ टक्के मुलींना भावापेक्षा कमी खायला मिळत होते. ४८.४ टक्के मुलींना आपण मुलगा असतो तर बरे झाले असते, असे वाटत होते. युवतींपैकी जवळजवळ निम्म्यांनी लहानपणी जेवणात पहिली निवड भावाला दिली होती. या मुलींना मारहाण झालीच असेल असे नाही. पण आपल्या म्हणण्याला घरात किंमत नाही हे त्या ताटावरच शिकतात. अत्याचार झालेल्या बहुतेक बालकांनी तो कोणालाही सांगितला नाही, हे याच अहवालात नोंदविलेले आहे. शारीरिक, लैंगिक व भावनिक अत्याचार यांची स्वतंत्र प्रकरणे केल्यामुळे मात्र कमी जेवणारी मुलगी आणि गप्प राहणारी मुलगी एकच आहे काय, हा प्रश्न बाजूला राहतो.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे फेलिट्टी, आंडा व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. मुलाला झालेल्या त्रासाबरोबरच त्यांनी घराविषयी विचारले : आईला मारहाण होत होती काय, घरात कोणी व्यसनी, मनोरुग्ण अथवा तुरुंगात गेलेले होते काय. एक प्रकार अनुभवलेल्यांत आणखी एखादा प्रकार आढळण्याची शक्यता ६५ ते ९३ टक्के निघाली. चार वा अधिक प्रकार भोगलेल्यांत मद्यासक्ती, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. अर्थात तो नमुना आरोग्य विमा असलेल्या, बहुतांशी सुशिक्षित गोऱ्या प्रौढांचा होता. भावाच्या ताटाचा प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत नव्हता. शिवाय असे गुणांक एकेका व्यक्तीचे भवितव्य ठरविण्यासाठी वापरू नयेत, असे खुद्द आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिले. विद्यार्थिनींना प्रश्नावली वाटून 'धोक्यातील मुली' निवडू पाहणाऱ्या महाविद्यालयांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

भारतीय अहवालाचा भर बालपणी काय घडले यावर आहे. पुढे त्या युवतीचे शिक्षण, विवाह व मनःस्वास्थ्य यांचे काय झाले, हे एकाच वेळच्या पाहणीतून कळत नाही. त्यासाठी त्याच मुलींकडे काही वर्षांनी पुन्हा जावे लागते.

अहवाल आला तेव्हा बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. गोव्याने २००३ मध्ये आपला बाल कायदा केला होता. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालील बालकावरील असा गुन्हा कळल्यास पोलिसांना माहिती देणे प्रत्येकावर बंधनकारक झाले. अकरावी-बारावीतील बहुतेक विद्यार्थिनी या वयात येतात. तेव्हा 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊन शिक्षिकेने ऐकावयास बसणे योग्य नाही. कोणाला व का सांगावे लागेल, हे त्या मुलीला आधीच कळले पाहिजे.