नगरवर्णनातले गैरहजर मूल

मराठीतील प्रवासवर्णने आम्ही आवडीने वाचतो; बदलीच्या गावी थाटलेल्या मराठी बिऱ्हाडांत पुस्तकांचे एखादेच फडताळ असले तरी त्यात त्यांस जागा असते. परंतु या पुस्तकांतून मुले हिंडताना फारशी दिसत नाहीत, हे आम्हांस अलीकडे खटकू लागले आहे. लेखक एकटा असतो, मित्रांसमवेत असतो, फार तर सपत्नीक असतो. पाय दुखतात म्हणून पदपथावरच बसकण मारणारे कोणी त्याच्याबरोबर नसते. आमचे बहुसंख्य वाचक मोठे शहर पाहतात ते मात्र मुलांचा हात धरूनच. दिल्लीस, कलकत्त्यास वा हैदराबादेस वाढणारी मुले काही वर्षांतून एकदा रजेत मुंबईस नेली जातात, आणि ‘हे आपले शहर’ असे त्यांस सांगितले जाते. ते आपले का, हे सांगावयास आमचे वाङ्मय पुढे येत नाही.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. माडगावकर १८१५ साली गोव्यात जन्मले आणि १८२४ साली मुंबईस आले. म्हणजे मराठीतील या आद्य नगरवर्णनाचा कर्ता स्वतःच परगावाहून आलेला लहान मुलगा होता! ग्रंथाचा रोख मात्र माहितीवर आहे. नऊ वर्षांच्या मुलाची नजर हा त्याचा विषय नव्हे. त्याबद्दल माडगावकरांस दोष देणे अन्यायाचे होईल. शहराची मोजदाद करणारा कोणीतरी त्या काळी हवाच होता. आमची तक्रार आहे ती पुढे शंभर वर्षे तीच मोजदाद चालू ठेवणाऱ्यांविषयी.

‘अपूर्वाई’ने (१९६०) ही वहिवाट मोडली, हे मान्य केले पाहिजे. पु. ल. देशपांडे माहिती देण्याच्या फंदात पडत नाहीत; ते भांबावतात, हरखतात, फजीत होतात. पण याचा एक परिणाम असा की, पुस्तकातील मुलाची जागा निवेदकच बळकावून बसतो. प्रौढाने पांघरलेले बाळपण आणि खरे बाळपण यांत अंतर आहे. पहिले विस्मयचकित होते. दुसरे कंटाळते, आणि भलत्याच ठिकाणी जागे होते.

शिवाय, आमच्या वाचकांची मुले काही खेड्यातून शहर पाहावयास येत नाहीत. ती एका महानगरातून दुसऱ्या महानगरात येतात. कलकत्त्यास भुयारी रेल्वे १९८४ साली धावू लागली, दिल्लीची मेट्रो २००२ साली सुरू झाली. मुंबईस मेट्रो आली ती २०१४ साली. दिल्लीचा मुलगा हे बोलून दाखवतो आणि दादरच्या काकांचा चेहरा उतरतो. ‘गावचा माणूस मुंबईस आला आणि दिपून गेला’ हा आमच्या विनोदी लेखनाचा जुना ठसा या मुलास बसत नाही. हा दिपत नाही. हा ताडून पाहतो. असा पाहुणा मराठी गद्यात अद्याप यावयाचा आहे.

तो काय पाहतो? गेटवे ऑफ इंडिया त्याला दाखवावा लागतो. कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट त्याला आपोआप दिसतो. १९५२ पासूनचा हा बूट एका इंग्रजी बालगीतातून मलबार टेकडीवर आला. ते गीत ठाऊक नसलेल्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यात चढल्या, आणि बूट मराठी झाला. आमच्या समीक्षेत परकीय प्रभावाविषयी एवढे रण माजले, पण या उदाहरणाकडे कोणाची दृष्टी गेल्याचे आम्हांस आठवत नाही. काळ्या घोड्याचीही तीच गोष्ट. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटून राहिले. २०१७ साली तेथे पुन्हा काळा घोडा उभा केला, पण बिनस्वाराचा. ‘स्वार कोठे गेला?’ हा मुलाचा प्रश्न इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भायखळ्यास आहे.

भायखळ्याच्या त्याच बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ दगडी हत्ती आहे. घारापुरीस ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी दिले ते या हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत राहिले आणि १९१४ साली ते जोडून तो पुन्हा उभा केला. एवढे सांगितले की मूल हत्तीभोवती फिरून सांधे शोधू लागते. संग्रहालयातील पाट्या वाचून दाखवण्याची मग गरज उरत नाही.

या बागेचे ऋण मराठीत फेडले असेल तर ते विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या बालकवितांच्या संग्रहाने. मुलांसाठी लिहिताना हा कवी कमरेत वाकत नाही आणि शिकवावयासही बसत नाही. गद्याने त्याच्याकडून हे उचलावयास हवे होते. ते झाले नाही. बालकविता बालवाङ्मयाच्या कप्प्यात राहिली, प्रवासवर्णन प्रौढांच्या.

या कप्पेबंदीत आमच्यासारख्यांचे नुकसान अधिक होते. दूरच्या गावी वाढणाऱ्या मुलास मराठी ही आईची, जेवणाच्या पानावरची, रागावण्याची भाषा वाटते. मुंबईस आल्यावर लोकलच्या डब्यात पुढल्या स्टेशनाचे नाव मराठीतही पुकारले जाते, बसचा वाहक मराठीत सुटे पैसे मागतो, दोन अनोळखी माणसे मराठीत भांडतात. घराबाहेर ही भाषा अशी चालते, हे त्या मुलाला राजाबाई टॉवरहून नवलाचे असते. त्या क्षणी ते आईकडे कसे पाहते, हे टिपणारे एक पानही आम्हांस आढळलेले नाही. कोणी अशी शंभर पानांची मुंबई लिहिलीच, तर टॉवरची उंची गाळली तरी चालेल. हत्तीचा सांधा कोठे दिसतो आणि ठाण्याच्या गाडीत खाडी पाहावयास खिडकी कोणत्या बाजूची धरावी, एवढे तीत अवश्य असावे.