नाताळचा पाळणा आणि चार आवाज

दिवाळी अंकात नाताळच्या गाण्यांची चर्चा कशाला, असे एखादा वाचक विचारील. पण फराळाच्या ताटात शेजारच्या घरचा पदार्थ आपण आवडीने वाढून घेतोच. शिवाय ही गाणी आता भंडाऱ्यासारख्या गावीही हव्या त्या घटकेला ऐकता येतात.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील गायकवृंदाची ध्वनिमुद्रणे घ्या. तेथील नाताळची प्रसिद्ध उपासना १९१८ साली सुरू झाली, आणि १९१९ पासून तिचा आरंभ एका मुलाच्या एकट्या आवाजाने होतो. मागाहून बाकीचे आवाज येऊन मिळतात. आपल्या भजनात पन्नास माणसे असली तरी सूर एकच. येथे मुलांचे उंच आवाज एक चाल सांगतात, पुरुषांचे खर्जातले आवाज दुसरीच, आणि तरी भांडण होत नाही! आपल्या कानाला प्रथम हा गलबला वाटतो. फक्त खालचाच आवाज धरून दोनदा ऐकावे, म्हणजे मौज कळू लागते. तरीही एक उणे मला जाणवतेच. हे गाणे इतके घासूनपुसून लख्ख केलेले असते की गोठ्यातल्या गवताचा वास त्याला उरत नाही.

'सायलेंट नाइट' हे गीत पाहा. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे ते प्रथम गायिले गेले. शब्द योसेफ मोर या पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराची (आम्हां मास्तरांना तेवढाच अभिमान), आणि साथीला नुसती गिटार. सहा मात्रांचा तो झोका आपल्या दादऱ्याला परका नाही. रामनवमीला पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बायकांना तो लगेच उमजेल.

मग अशा चालींवर बेतलेली मराठी गीते कानाला का खुपतात? कारण चाल जेथे रेंगाळते तेथे आपले ऱ्हस्व अक्षर सापडते. 'निशा'ची 'नीशा' होते आणि सारे काव्य लंगडू लागते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे दुखणे अचूक ओळखले. नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे आपल्या भंडारा रोडवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचण्यास दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्म बदलला तरी तुकोबांचा अभंग त्यांनी सोडला नाही. त्यांची पदे 'उपासना संगीता'त आहेत. पेटी आणि तबल्यावर ती म्हटली जातात तेव्हा मराठी शब्द आपल्या पायांनी चालतो.

मात्र त्यामुळे चार आवाजांचे वैभव दूर राहिले, हेही खरे. दोन्ही साधणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. मुंबईत १९५६ साली गायकवृंद उभारणाऱ्या व्हिक्टर परांजोती यांनी 'द्राविडीयन डिथिरॅम्ब'मध्ये भारतीय सुरावट अनेक आवाजांत खेळवून दाखविली आहे. तोच प्रयोग टिळकांच्या एखाद्या पदावर करावा. शब्द वरच्या एकाच आवाजाकडे ठेवावेत, आणि बाकीच्यांनी खाली केवळ आकार धरावा. तसे केले तर 'निशा' ही 'निशा'च राहील.