अठरातून सहा गेले

पॅनासॉनिकने जानेवारी २०१५ मध्ये ल्युमिक्स टीझेड७० हा खिशात मावणारा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकातला एक आकडा आदल्या वर्षीपेक्षा घटलेला होता. टीझेड६० ला १८ मेगापिक्सेल होते, याला १२. झूम तोच, ३० पट. ‘जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला कॅमेरा’ असं गिऱ्हाइकाला छातीठोकपणे पटवून देणाऱ्या दुकानदारांची तेव्हा काय पंचाईत झाली असेल! पण या कॅमेऱ्याचं मर्म त्या वजाबाकीतच आहे, असं माझं मत.

याची लेन्स २४ ते ७२० मिलिमीटरची, असं म्हणतात. हे आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबातले. प्रत्यक्षात ती ४.३ ते १२९ मिलिमीटर आहे. मग ७२० कुठून आले? सेन्सर लहान आहे म्हणून. त्याची रुंदी सहा मिलिमीटरच्या जरा वर, उंची साडेचारच्या आसपास; म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या सुमारे तीसपट भरतं. कॅननची जुनी ८०० मिलिमीटरची नुसती लेन्स साडेचार किलोची आहे. हा अख्खा कॅमेरा पाव किलोच्या आत. हे फुकट मिळत नाही, आणि किंमत कुठे मोजावी लागते ते कळलं की कॅमेरा वापरायचा कसा तेही कळतं.

पूर्ण झूमला भिंगाचं छिद्र एफ ६.४ वर येतं. प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो. त्यामुळे लांबचा दिवा, तारा अशा बिंदूंची प्रतिमा बिंदू राहत नाही, बारीकशी चकती होते. एफ ६.४ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती साधारण साडेआठ मायक्रॉनची असते. या सेन्सरवर १२ मेगापिक्सेल बसवले तर एकेक पिक्सेल दीड मायक्रॉनचा होतो. १८ बसवले तर सव्वा मायक्रॉनचा. दोन्ही वेळा एकच चकती साडेपाच ते सात पिक्सेलांच्या रुंदीवर सांडलेलीच असते. म्हणजे पूर्ण झूमला वाढीव सहा मेगापिक्सेल नवा तपशील आणत नाहीत, तोच धूसरपणा अधिक बारीक चिरून ठेवतात आणि फाइल फुगवतात. अर्थात सेन्सर तेवढाच, त्यामुळे त्यावर पडणारा एकूण उजेडही तेवढाच. पिक्सेल कमी केल्याने काही रात्रीचा दिवस होत नाही. पण नको तो हव्यास सोडला, ही गोष्ट या धंद्यात विरळा.

पौर्णिमेच्या आसपास चंद्रावर कॅमेरा रोखून बघा. आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंश. पूर्ण झूमला तो चौकटीच्या उंचीचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापतो, म्हणजे साडेसातशे-पावणेआठशे पिक्सेल. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो काळ्या आकाशाला भुलून चंद्राचा पांढरा ठिपका करील. स्पॉट मीटरिंग लावा, किंवा सरळ मॅन्युअलवर जाऊन आयएसओ १००, शटर १/२५० ठेवा. टायकोचं विवर आणि त्यातून फुटलेल्या रेषा दिसतात. खिशातल्या वस्तूने हे दाखवावं, याचं कौतुक मला अजून ओसरलेलं नाही.

दुसरी शहाणपणाची जागा म्हणजे डोळ्याला लावायची खिडकी, व्ह्यूफाइंडर. टीझेड६० मध्ये ती होती, पण फक्त दोन लाख ठिपक्यांची, नावापुरती. इथे ती साडेअकरा लाखांवर गेली. खिडकी इवलीशीच, चष्मेवाल्यांना डोळा जरा खुपसावा लागतो. तरीही दुपारच्या उन्हात मागचा पडदा आरशासारखा चकाकतो तेव्हा तीच कामाला येते. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं बरगड्यांना चिकटतात आणि हात स्थिरावतो. हात लांब करून ७२० मिलिमीटरवर झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी चौकटीत ठेवून दाखवा, मग मला सांगा.

उणिवा? आहेत, आणि लपणाऱ्या नाहीत. २४ वरून ७२० ला गेलात की भिंगातून येणारा उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून नातीचा नाच टिपायला गेलात तर निराशा पदरी पडेल: स्टॅबिलायझर आपल्या हाताची थरथर सांभाळतो, नातीचे पाय नाही. आयएसओ ८०० च्या पुढे चेहऱ्यांवर मेण चढतं. रॉ फाइलची सोय असल्यामुळे घरी बसून थोडं सावरता येतं, इतकंच. एका बाबतीत मात्र कॅमेऱ्याला उगाच बोल लावला जातो. भिगवणला सकाळी अकरानंतर उजनीच्या पाण्यावरून रोहित पक्षी टिपले आणि ते विरघळल्यासारखे आले, तर तो दोष तापलेल्या हवेचा. तिथे साडेचार किलोची लेन्सही तेच दाखवील. पहाटे जा, जवळ जा.

रोजच्या वापरात मला मोलाचं वाटतं ते याचं दुसरं टोक. २४ मिलिमीटरला वाड्याचा अख्खा चौक मावतो आणि मॅक्रोवर हा फुलाच्या तीन सेंटिमीटरपर्यंत जातो. मोबाइलवाले इथे हसतील. रुंद चौकटीत आणि अंधारात मोबाइल आज याच्या पुढे आहे, हे मान्य. पण लांबचं बघायचं झालं की बहुतेक मोबाइल अंदाजाने भरलेलं चित्र देतात, हा भिंगातून आलेलं.

हे शहाणपण वर्षभरच टिकलं. २०१६ च्या टीझेड८० मध्ये पॅनासॉनिक पुन्हा १८ मेगापिक्सेलवर गेली, पुढच्या टीझेड९० मध्ये २० वर. २०२५ च्या टीझेड९९ मध्ये तर व्ह्यूफाइंडरच काढून टाकला. मधल्या काळात, टीझेड८० पासूनच, टचस्क्रीन, फोर-के वगैरे आलं. ज्याला हवं त्याने घ्यावं.

टीझेड७० आता जुन्या बाजारातच मिळतो. घेताना कॅमेरा चालू-बंद करून लेन्सची नळकांडी न अडखळता आत-बाहेर होतात का ते पाहा. मग एफ ८ वर, पूर्ण झूमला, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. करडे डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. ती काढायला अख्खी लेन्स उघडावी लागते. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.