जर-तरचा स्लायडर आणि नैयायिकांची शंका

मंडळी, आज ज्याबद्दल बोलायचं ते तुमच्यापैकी नोकरी करणाऱ्यांनी रोज पाहिलेलं असणार. बैठकीत भिंतीवर पॉवर बीआयचा अहवाल लागलेला असतो आणि त्यात वर एक स्लायडर असतो: किंमत किती टक्क्यांनी वाढवायची? शून्यावरून दहावर सरकवला की खाली पुढच्या वर्षाच्या महसुलाचा स्तंभ उंच होतो. याला 'व्हॉट-इफ' म्हणतात. कल्पना नवी नाही. 1979 साली व्हिसिकॅल्क आलं, तेव्हा त्याचं आकर्षण हेच होतं की एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. साधन उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती त्याचं उत्तर वाचण्याच्या पद्धतीबद्दल.

एक साधं, कल्पित उदाहरण घेऊ. मसाल्याचे महिन्याला 10,000 डबे, प्रत्येकी 200 रुपये. महसूल 20 लाख. आता किंमत दहा टक्के वाढवा. स्लायडर सांगतो, 22 लाख. का? कारण सूत्र आहे किंमत गुणिले डबे, आणि डब्यांना कुणी हातच लावलेला नाही. पण 220 रुपये ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्या डब्याकडे वळलं तर? विक्री 9,091 डब्यांच्या खाली गेली, म्हणजे साधारण नऊ टक्के घटली, की महसूल 20 लाखांच्याही खाली जातो. यावर सांगतात, 'सर, विक्रीचाही वेगळा स्लायडर आहे ना!' आहे, पण दोन्ही सुटे आहेत. किंमत वर ओढा, विक्रीही वर ओढा, पडदा काही तक्रार करत नाही. बाजार करतो.

आपल्या न्यायशास्त्रात याला फार नेमका शब्द आहे, उपाधी. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे ठीक. पण अग्नी आहे तिथे धूर आहे, असं म्हणता येत नाही. त्यासाठी ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. 'किंमत वाढली तर महसूल वाढतो' या वाक्यातलं ओलं सरपण म्हणजे न हललेलं गिऱ्हाईक. अहवालात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट. स्लायडर तयार करताना किमान, कमाल आणि एकेक पायरी किती, हे आधी भरावं लागतं. कोण भरतं? अहवाल बनवणाराच. किमान उणे पाच ठेवलं, तर उणे चाळीसचा प्रश्न बैठकीत कुणाला विचारताच येत नाही. 2020च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली तेव्हा कित्येक दुकानांची विक्री शून्यावर आली. शून्यापर्यंत जाणारा स्लायडर किती अहवालांत असेल, तुम्हीच सांगा.

अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचलाय त्यांना आठवेल, तिथे 'तर्क' अयथार्थ अनुभवात घातलेला आहे, संशय आणि विपर्यय यांच्या पंगतीला! 'अग्नी नसता तर धूरही नसता' हा तर्क. तो प्रमाणाला मदत करतो, पण स्वतः प्रमाण नव्हे. स्लायडरचा आकडाही तसाच. (आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं.)

पण होतं काय, पहिल्या बैठकीत वाक्य असतं, 'विक्री टिकली तर 22 लाख येतील.' दुसऱ्या बैठकीत '22 लाख येतील.' तिसऱ्या बैठकीत '22 लाख यायला हवेत', आणि ते विक्रीवाल्या पोराच्या उद्दिष्टात जाऊन बसतात. 'जर' कुठे गळला, कुणालाच ठाऊक नसतं. वर्षअखेर ते गाठलं नाही म्हणून बोलणी खातो तो पोरगा. स्लायडरला कुणी जाब विचारत नाही.

मला विचाराल तर एक्सेलमधलं 'गोल सीक' जास्त प्रामाणिक वाटतं. ते उलट्या दिशेने चालतं. 25 लाख हवेत? मग 200 रुपयांना 12,500 डबे विकावे लागतील. बस, एवढंच सांगतं. ते विकले जातील असं म्हणत नाही. पुढचे अडीच हजार डबे कोण घेणार, हे दुकानदाराला जाऊन विचारावं लागतं.