२९ फेब्रुवारी १९००

सहा हजारांहून अधिक पानांच्या ग्रंथाचे परीक्षण एखाद्या प्राध्यापकाने करावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मला विचाराल तर ते काम बँकेतल्या कारकुनाचे. ज्याने कर्जाच्या कराराखालचा बारीक मजकूर पोटासाठी वाचला आहे, त्याला कुठलेही पुस्तक रटाळ वाटत नाही.

ग्रंथाचे नाव ‘एक्मा ३७६’. कादंबरीपेक्षा आगगाडीला अधिक शोभेल असे. २००६ साली तो निघाला. वर्ड आणि एक्सेल यांच्या फायली आतून कशा लिहिलेल्या असतात, हे मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने त्यात जगाला सांगितले आहे. हेतू असा, की विंडोजवर केलेला कागद लिनक्सवाल्यालाही आणि मॅकवाल्यालाही तसाच दिसावा.

ज्यांच्या कचेरीत तीन घराण्यांची यंत्रे एकाच तारेला बांधली आहेत, त्यांना हा हेतू किती थोर आहे ते सांगायला नको. तारेचा दोष नाही हो! विंडोज आणि लिनक्स यांना एकमेकांची कपाटे उघडून देणारा एक प्रोग्रॅम कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२च्या सुमारास लिहायला घेतला. विंडोजच्या त्या बोलीचे नाव एसएमबी. म्हणून गड्याने ही तीन अक्षरे असलेले शब्द कोशात धुंडाळले आणि नाव ठेवले ‘सांबा’. त्याच्या मनात नाच असेल, पण आपल्या कानाला भोळा सांबच ऐकू येतो, आणि आहेही तो तसाच. फाइल इमानाने पोचवतो, आत काय आहे ते विचारत नाही.

भांडण लागते ते फाइल उघडल्यावर. अक्षराचे वळण बदलते, तक्ता समासाबाहेर लोंबतो, एका पानाचे पत्र सव्वा पानाचे होते आणि सही करणाऱ्या साहेबांचे नाव दुसऱ्या पानावर एकटेच जाऊन बसते, रुसल्यासारखे.

यावर ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीने काय सांगावे? काही ठिकाणी असे, की ‘वर्ड ९५’ अंतर सोडायचा तसे अंतर सोडा, जुना वर्ड तळटीप ठेवायचा तशी ठेवा. तशी म्हणजे कशी? ते शब्दांत मांडणे अवघड, जुना प्रोग्रॅम मिळवा आणि बघून करा! मोदकाच्या उकडीला पाणी किती म्हणून विचारले तर आमच्या सासूबाईही “लागेल तेवढं” म्हणतात. पण त्यांनी आधी सहा हजार पाने लिहिलेली नसतात.

खरा रसभंग तारखांपाशी होतो. १९८३च्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरले. शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, तेव्हा ते लीप नव्हे, हे शाळेतले पोरही सांगेल. एक्सेलला लोटसची गिऱ्हाइके हवी होती, म्हणून त्याने गिऱ्हाइकांबरोबर ही थकबाकीही उचलली. मॅकवरच्या एक्सेलने दिवस १९०४ पासून मोजले. त्याने ते लफडे टळले आणि दुसरे उभे राहिले. एका पद्धतीच्या वहीतल्या तारखा उचलून दुसरीत चिकटवल्या, की त्या १,४६२ दिवसांनी सरकतात. चार वर्षे आणि वर एक दिवस! मॅकवरच्या नव्या वह्या २०११च्या आवृत्तीपासून १९०० धरतात. जुन्या वह्या मात्र जुन्याच आहेत. आता एक लाखाची ठेव घ्या, सरळव्याज सात टक्के, आणि सुरुवातीची तारीख अशी सरकू द्या. फरक २८,०३८ रुपये. ज्याची ठेव त्याच्या दृष्टीने ही वर्षभराची औषधे झाली.

आम्ही खतावणीत चूक सापडली तर लाल शाईने खोडून बाजूला सही करतो. या ग्रंथाने चुकीलाच सही-शिक्का दिला. जुन्या कोट्यवधी फायली बिघडू नयेत म्हणून, हे कारण मी नाकारत नाही. पण मग त्याला नियम म्हणू नये, घरातली सवय म्हणावे.

प्रतिस्पर्धी ग्रंथ ‘ओडीएफ’ त्यामानाने सुटसुटीत, सातशेच्या आसपास पानांचा. त्याला आयएसओची मान्यताही आधी, म्हणजे २००६ साली मिळाली. भाषा नेटकी, मांडणी स्वच्छ. फक्त तक्त्यातली सूत्रे कशी लिहायची तेवढे सांगायचे राहिले! ते २०११ साली, १.२ या आवृत्तीत आले. वाणिज्य शाखेच्या माणसाने अशा पुस्तकाला किती गुण द्यावेत?

आपल्या भारताने २००७ आणि २००८ अशा दोन्ही वेळांना पहिल्या ग्रंथाच्या विरोधात मत दिले. तरी २००८ साली आयएसओने त्याला मान्यता दिली. तिथे त्याचे ‘कडक’ आणि ‘संक्रमणकालीन’ असे दोन भाग झाले. जुन्या सवयी दुसऱ्यात. संक्रमण अजून चालू आहे, कारण आपण फाइल साठवतो तेव्हा एक्सेल आपण होऊन हीच दुसरी रीत वापरतो.

खात्री करायची असेल तर एक्सेलच्या एका घरात ६० लिहा आणि त्याला तारखेचा पेहराव चढवा. २९ फेब्रुवारी १९०० येईल. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये तेच करा, २८ फेब्रुवारी येईल. एक्सेलला वार विचाराल तर तो बुधवार म्हणून ठणकावून सांगतो, आणि त्या दिवसाचे व्याजही धरतो.