‘बारोमास’ आणि आपला मध्यमवर्ग

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. त्या याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावर हा मान त्यांच्याकडे आला, हे विसरून चालणार नाही. आम्ही मराठी वाचकांनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले. जागतिकीकरणाचा बळी तो शेतकरी आणि हळहळणारे ते आपण, ही वाटणी आम्हाला सोयीची वाटते.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही वाटणी मानत नाही. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी बुलढाण्याकडची, पण यवतमाळात परकी वाटत नाही. शिकलेल्या एकनाथला नोकरी नाही, कारण नोकरीसाठी पैसा मोजावा लागतो आणि पैशासाठी शेत विकावे लागते. म्हणजे मध्यमवर्गात शिरण्याची किंमतही शेतानेच द्यायची! पगारदार संसाराची ओढ असलेल्या अलकाला मात्र लेखक जरा कठोरपणे वागवतो असे आम्हाला वाटते. तिची ओढ ही आपल्या सर्वांचीच नाही काय?

यवतमाळचा मध्यमवर्ग कापसावरच उभा राहिला. जिनिंगमधला कारकून, अडत्याचा मुनीम, कापड दुकानदार, सगळ्यांची दिवाळी कापसाच्या चुकाऱ्यावर. १९७२ ची एकाधिकार खरेदी मोडीत निघाली, जागतिक बाजारातले भाव गावात आले, २००२ पासून बीटीचे महागडे बियाणे आले. दुसरीकडे सहाव्या वेतन आयोगाने पगारदारांचे घर बदलून टाकले. एकाच गल्लीत राहणारे दोन शेजारी दोन वर्गांत गेले, आणि दोघेही स्वतःला मध्यमवर्गीयच म्हणवतात.

आमच्या मोहल्ल्यात पिंजाऱ्याचा मुलगा मास्तर झाला की घर वर आले असे समजत. पुढे फोमच्या गाद्या आल्या, पिंजणाचे काम आटले. इकडे २००० सालापासून मास्तरकीही ‘शिक्षणसेवक’ झाली, तीन वर्षे मानधनावर. विनाअनुदानित शाळेतल्याची कथा तर विचारूच नये. बापाचा धंदा गेला आणि मुलाचा पगार आला नाही, अशी घरे आम्ही रोज पाहतो. आमच्या कथांमध्ये पिंजारी येतो तो जमात म्हणून, ईद-मोहरमच्या वर्णनात. एका गादीमागे त्याला किती मजुरी सुटते आणि किराणा दुकानात त्याची किती उधारी आहे, हे आम्ही अजून लिहिलेले नाही.